फाइल येते, पण काम सुरू होत नाही: इन्क्रॉन बसवताना आणि सांभाळताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

अपेक्षा साधी असते. सर्व्हरवरच्या ठरावीक फोल्डरमध्ये फाइल पडली की लगेच स्क्रिप्ट चालावी. त्यासाठी लिनक्सवर इन्क्रॉन बसवलं जातं, एका ओळीचा नियम लिहिला जातो, चाचणीची फाइल टाकली की काम होतं आणि विषय संपतो. मग काही दिवसांनी कोणीतरी विचारतं, "कालच्या फाइली अजून पुढे का नाही गेल्या?" बघावं तर सर्व्हिस चालू, नियम जागेवर, फाइली मात्र तशाच पडून. सर्व्हिस रीस्टार्ट केली की नव्या फाइली उचलल्या जातात, जुन्या तिथेच राहतात. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

अशा वेळी बरेच जण रोज रात्री सर्व्हिस रीस्टार्ट करायचं काम क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत, टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्याने बिघाड जात नाही, फक्त तो दिसायचा थांबतो. हा बिघाड नेमका ओळखता येतो आणि बहुतेक वेळा कायमचा काढताही येतो.

आधी पाया. इन्क्रॉन क्रॉनसारखंच आहे, फक्त घड्याळाऐवजी फाइल सिस्टिममधल्या घटनांवर चालतं. त्या घटना त्याला कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, आयनोटिफायकडून मिळतात. आयनोटिफाय २००५ साली लिनक्स कर्नल २.६.१३ मध्ये आलं. इन्क्रॉनच्या बहुतेक तक्रारींची मुळं खरं तर आयनोटिफायच्या स्वभावात असतात. आयनोटिफाय फोल्डरचं नाव लक्षात ठेवत नाही, आयनोड, म्हणजे फाइल सिस्टिमने त्या फोल्डरला दिलेला आतला क्रमांक, लक्षात ठेवतं. ऐकणारं कोणी नसताना झालेली घटना ते नंतर सांगत नाही. आणि ते फोल्डरच्या आतल्या फोल्डरांत आपणहून शिरत नाही. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, खाली जे काही आहे ते त्यातूनच निघतं.

कडी कुठे तुटली ते आधी ठरवा

"चालत नाही" या तक्रारीमागे तीन वेगळ्या अवस्था असतात. घटना इन्क्रॉनपर्यंत पोचलीच नाही. घटना पोचली, पण कमांड सुरू झाली नाही. किंवा कमांड सुरू झाली आणि मधेच कोलमडली. यातलं काय झालं ते लॉगवरून कळतं. जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडने इन्क्रॉनच्या सर्व्हिसचा लॉग उघडा. डेबियन आणि उबुंटूवर सर्व्हिसचं नाव इन्क्रॉन आहे, रेड हॅटच्या कुळात इन्क्रॉनडी. चाललेल्या प्रत्येक कामाची एक ओळ तिथे असते: कंसात युजरचं नाव, मग सीएमडी, मग पुन्हा कंसात पूर्ण कमांड. ही ओळ नसेल तर पहिली किंवा दुसरी अवस्था. ओळ असेल तर इन्क्रॉनचा संबंध संपला, दोष स्क्रिप्टमध्ये किंवा तिच्या परिसरात शोधायचा.

ओळ नसेल तर इन्क्रॉन बाजूला ठेवून थेट आयनोटिफायला विचारा. आयनोटिफाय टूल्स या पॅकेजमध्ये आयनोटिफायवेट नावाची कमांड आहे. तिला एम हा पर्याय आणि फोल्डरचा पत्ता देऊन एका टर्मिनलमध्ये चालू ठेवा, आणि फाइल जिथून नेहमी येते तिथूनच ती येऊ द्या. इथे हातानं फाइल बनवून चाचणी घेण्याचा उपयोग नाही. पाठवणारा प्रोग्राम कोणता, यावर कोणत्या घटना घडतात ते ठरतं, आणि पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.

उदाहरणार्थ आरसिंक या फाइली नकलणाऱ्या प्रोग्रामने फाइल आली तर पडद्यावर काय दिसतं ते बघा. आधी ठिपक्याने सुरू होणाऱ्या, शेवटी सहा अगम्य अक्षरं असलेल्या नावाची फाइल तयार होते. त्याच नावावर लिहिणं आणि बंद करणं होतं. शेवटी ते नाव जाऊन खरं नाव येतं: मूव्हड फ्रॉम, मूव्हड टू. म्हणजे खऱ्या नावाच्या फाइलीवर लिहून बंद केल्याची घटना कधी घडतच नाही. नियमात फक्त इन_क्लोज_राइट असेल तर स्क्रिप्ट चालेल, पण त्या तात्पुरत्या नावासाठी, आणि ती शोधायला जाईपर्यंत फाइल त्या नावाने शिल्लक नसेल. एसएफटीपीने फाइल चढवली तर बहुतेक वेळा उलटं असतं, खऱ्याच नावावर थेट लिहिलं जातं. काही एसएफटीपी प्रोग्राम, उदाहरणार्थ विनएससीपी, मोठी फाइल आधी फाइलपार्ट असं शेपूट लावून लिहितात आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलतात. एकाच फोल्डरमध्ये दोन ठिकाणांहून फाइली येत असतील तर एकाच्या फाइली उचलल्या जातात आणि दुसऱ्याच्या नाहीत, असं दिसतं. ही भानगड बहुतेक वेळा इथली असते.

म्हणून माझा पायाचा नियम असा असतो:

/एसआरव्ही/आवक इन_क्लोज_राइट,इन_मूव्हड_टू /यूएसआर/लोकल/बिन/उचल $#

ही ओळ इथे वाचण्यासाठी देवनागरीत लिहिली आहे. प्रत्यक्ष तक्त्यात, म्हणजे नियमांच्या फाइलीत, घटनांची नावं रोमन कॅपिटल अक्षरांत आणि मधे अंडरस्कोअर अशी लागतात. दोन घटनांच्या मधे फक्त स्वल्पविराम, जागा मुळीच नाही. तिथे एक स्पेस पडली तर दुसऱ्या घटनेचं नाव हीच कमांड समजली जाते. शेवटचं चिन्ह म्हणजे ज्या फाइलीमुळे घटना झाली तिचं नाव. नजरेखालच्या फोल्डरचा पत्ता हवा असेल तर $@. इन_क्रिएट आणि इन_मॉडिफाय या दोघांना मी या कामात घेत नाही. पहिली घटना फाइल रिकामी असतानाच येते, आणि दुसरी मोठी फाइल लिहिली जात असताना शेकडो वेळा येऊ शकते.

बसवतानाच राहून जाणाऱ्या गोष्टी

पॅकेज टाकणं हा भाग सोपा आहे. डेबियन-उबुंटूच्या ज्या आवृत्त्यांत ते आहे तिथे ॲप्टने, रेड हॅटच्या कुळात एपेल भांडारातून. रेड हॅटच्या बाजूला सर्व्हिस हाताने इनेबल करून सुरू करावी लागते. हे विसरलं की पुढच्या रीबूटपर्यंत सगळं छान चालतं आणि मग बंद.

डेबियनच्या बाजूला वेगळी अडचण येते. तिथे एटसी फोल्डरमध्ये इन्क्रॉन डॉट अलाउ ही फाइल पॅकेजसोबतच येते आणि ती रिकामी असते. रिकामी यादी म्हणजे परवानगी कोणालाच नाही, सगळे हक्क असलेल्या रूट युजरलाही नाही. नियम लिहायची इन्क्रॉनटॅब ही कमांड ई पर्यायाने उघडायला गेलात की युजरला परवानगी नाही असा संदेश येतो. त्या फाइलीत एका ओळीवर एक याप्रमाणे युजरची नावं लिहा. फाइल उडवून टाकायचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. तो घेऊ नका. कोणाला घटनांवर कमांड चालवता येते याची यादी सर्व्हरवर असलेली बरी.

नियम दोन ठिकाणी राहू शकतात. युजरचा तक्ता व्हार, स्पूल, इन्क्रॉन या वाटेवर युजरच्या नावाने असतो आणि कमांड त्या युजरच्या हक्काने चालते. एटसीमधल्या इन्क्रॉन डॉट डी फोल्डरमधले तक्ते रूटच्या हक्काने चालतात. फाइली उचलण्यासाठी वेगळा, कमी हक्कांचा युजर करा आणि त्याचाच तक्ता वापरा. फक्त त्याला नजरेखालचं फोल्डर वाचता यायला हवं. नाहीतर लॉगमध्ये "ॲक्सेस डिनाइड" असं येतं आणि पुढे लिहिलेलं असतं की घटना गुपचूप टाकून दिल्या जातील. आणि खरोखर तसंच होतं! ही ओळ एकदाच येते, तक्ता वाचताना. नंतरच्या हजार ओळींत ती सापडत नाही, म्हणून लॉग शोधताना सर्व्हिस सुरू झाली त्या वेळेपासून शोधा.

एका तक्त्यात एक पत्ता एकदाच. त्याच फोल्डरसाठी दुसरी ओळ लिहिली तर पहिलीच चालते, दुसरीची फक्त लॉगमध्ये तक्रार होते. दोन कामं करायची असतील तर ती एका स्क्रिप्टमध्ये घाला.

कमांडबद्दल एक गोष्ट फार जणांना अडवते. इन्क्रॉन कमांड शेलमधून (टर्मिनलमधली ओळ समजून घेणाऱ्या प्रोग्राममधून) चालवत नाही, थेट चालवतं. त्यामुळे पाइप, आउटपुट फाइलीत वळवण्याची खूण, दोन अँपरसँड, यातलं काहीच चालत नाही. ही चिन्हं स्क्रिप्टला साधे आर्ग्युमेंट म्हणून पोचतात. कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, म्हणजे पाथ, तीही मोजकीच मिळते. तेव्हा तक्त्यात फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता लिहा आणि बाकी सगळं स्क्रिप्टच्या आत. स्क्रिप्टची पहिली ओळ इंटरप्रिटर सांगणारी हवी आणि फाइलीला एक्झिक्यूटचा हक्क हवा. क्रॉन आउटपुट मेलने पाठवतो, इन्क्रॉन पाठवत नाही. स्क्रिप्ट काही बोलली तरी ते कुठे उमटत नाही. म्हणून सुरुवात, शेवट आणि चूक या तिन्ही वेळी लॉगर कमांडने सिस्टिम लॉगमध्ये ओळ टाका.

शेलला कमांडची ओळ देऊन, त्यात फाइलीचं नाव चिकटवून काम भागवायचा मोह होतो. तसं करू नका. बाहेरून येणाऱ्या फाइलीचं नाव पाठवणारा ठरवतो. नावात अर्धविराम किंवा डॉलर घालून तो तुमच्या सर्व्हरवर कमांड चालवू शकतो. नाव नेहमी आर्ग्युमेंट म्हणून घ्या आणि स्क्रिप्टमध्ये दुहेरी अवतरणातच वापरा.

रीस्टार्ट केलं की चालतं

ही सगळ्यात जास्त भेटणारी आणि सगळ्यात कमी समजून घेतली जाणारी तक्रार. थोडा वेळ काढून वाचा.

रीस्टार्टने चालत असेल तर नियम बरोबर आहे, हक्क बरोबर आहेत, स्क्रिप्टही बरोबर आहे. चुकलंय ते एवढंच की इन्क्रॉन ज्या फोल्डरकडे बघत बसलंय ते तुमचं फोल्डर नाही. पत्ता तोच, आयनोड वेगळा. हे चार प्रकारांनी होतं.

पहिला: कोणीतरी फोल्डर उडवून त्याच नावाने पुन्हा बनवलं. साफसफाईच्या स्क्रिप्ट, बॅकअपमधून परत आणणं, नवी आवृत्ती चढवताना पूर्ण फोल्डर बदलणं. जुनं फोल्डर गेलं तेव्हाच कर्नलने वॉच, म्हणजे त्या फोल्डरवर ठेवलेली नजर, काढून टाकलेला असतो.

दुसरा: फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवलं आणि त्या जागी नवं आणलं. इथे वॉच जिवंत असतो, पण तो बाजूला ठेवलेल्या फोल्डरसोबत गेलेला असतो.

तिसरा: नियमातला पत्ता सिमलिंकचा, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्याचा आहे. प्रत्येक नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून "चालू" नावाचा दुवा तिच्याकडे वळवायची पद्धत सर्रास आहे. वॉच लावताना दुवा जिथे पोचत होता तिथेच वॉच राहतो, दुवा वळवल्याची त्याला खबर नसते.

चौथा प्रकार रीबूटनंतर दिसतो. आवक फोल्डर वेगळ्या डिस्कवर आहे आणि सर्व्हर चढताना इन्क्रॉन त्या डिस्कच्या आधी सुरू झालं. त्या क्षणी तिथे माउंटच्या (डिस्क जोडायच्या) जागेचं रिकामं फोल्डर होतं, वॉच त्यावर बसला, मग डिस्क वर येऊन बसली. वॉच अजून खालच्या रिकाम्या फोल्डरवरच आहे आणि तिथे कधीच काही घडणार नाही.

अंदाज करत बसायची गरज नाही, हे डोळ्यांनी बघता येतं. इन्क्रॉनच्या डिमनचा, म्हणजे मागे चालू असलेल्या प्रोसेसचा, क्रमांक (पीआयडी) काढा. प्रॉक फाइल सिस्टिममध्ये त्या पीआयडीच्या खाली एफडीइन्फो नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या फाइलींत आयनोटिफाय या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी शोधा. प्रत्येक ओळ म्हणजे एक वॉच. ओळीत आयएनओ या खुणेपुढे आयनोड क्रमांक असतो, पण तो हेक्साडेसिमलमध्ये. एसडीइव्ही पुढे कोणतं उपकरण ते. आता एलएस कमांडला आय आणि डी हे पर्याय देऊन आवक फोल्डरचा आयनोड बघा. तो दशमान पद्धतीत येतो, प्रिंटएफने हेक्समध्ये बदलून घ्या. उदाहरणार्थ एलएस ४०५७४ सांगत असेल तर एफडीइन्फोमध्ये ९ई७ई दिसायला हवं. ते यादीत नसेल तर निदान झालं. आयनोड जुळतोय पण उपकरण वेगळं, असंही माउंटच्या प्रकारात होऊ शकतं, कारण दोन फाइल सिस्टिमच्या मुळाशी असलेल्या फोल्डरांना सारखाच क्रमांक असू शकतो. तेव्हा दोन्ही बघा.

उपाय कारणाप्रमाणे. माउंटसाठी सिस्टिमसीटीएल एडिटने इन्क्रॉनच्या सर्व्हिसला एक छोटी पुरवणी जोडा: युनिट विभागात रिक्वायर्स माउंट्स फॉर हा निर्देश, एकसलग शब्दात, आणि पुढे आवक फोल्डरचा पूर्ण पत्ता. मग डिस्क चढल्याशिवाय इन्क्रॉन सुरू होत नाही. सिमलिंकसाठी आवक फोल्डर आवृत्तीच्या बाहेर, कायमच्या जागी ठेवा आणि नियमात तो खरा पत्ता द्या. उडवून पुन्हा बनवणाऱ्या स्क्रिप्टला फोल्डर न काढता फक्त आतला माल काढायला लावा. एकाच फाइलीवर, म्हणजे फोल्डरवर नाही, वॉच लावला असेल तर तो आधीच काढून टाका. बरेच एडिटर जपून ठेवताना नवी फाइल लिहून जुनीच्या जागी आणतात, आणि पहिल्याच सेव्हनंतर तो वॉच निकामी होतो. फोल्डरवर वॉच लावून स्क्रिप्टमध्ये नाव तपासणं हाच मार्ग.

रीस्टार्टने चालणारा आणखी एक प्रकार आहे, तो आवृत्तीचा. जुन्या ०.५.१० मध्ये इन_नो_लूप हा पर्याय लावला की पहिल्या घटनेनंतर नियम झोपतो आणि पुन्हा जागा होत नाही. काम एकदाच झालं आणि मग शांतता, असं असेल तर तो पर्याय काढा. मुळात त्याची गरजही पडू नये. स्क्रिप्ट नजरेखालच्याच फोल्डरमध्ये लिहिते आणि त्यामुळे स्वतःलाच पुन्हा बोलावते, हे टाळायला तो असतो. निकाल दुसऱ्या फोल्डरमध्ये लिहा, प्रश्न मिटला.

डिस्क रिकामी, आणि तरी जागा नाही

लॉगमध्ये "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" दिसतं, डिस्कवरची जागा सांगणारी डीएफ कमांड मात्र निम्मी डिस्क मोकळी दाखवते. इथे डिस्कचा संबंध नाही. एका युजरमागे किती वॉच ठेवता येतात त्याची मर्यादा संपली आहे, आणि त्यासाठी कर्नल हाच चुकीचा संदेश परत देतो. मर्यादेचं नाव मॅक्स_यूजर_वॉचेस, सिसीटीएलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमध्ये, एफएस, मग आयनोटिफायच्या खाली. जुन्या कर्नलमध्ये ती मुळात ८१९२ असायची. ५.११ पासून ती मेमरीच्या प्रमाणात ठरते, कमीत कमी ८१९२ आणि जास्तीत जास्त १०,४८,५७६. त्याच्या शेजारी मॅक्स_यूजर_इन्स्टन्सेस आहे, मुळात १२८. ती संपली तर संदेश "टू मेनी ओपन फाइल्स" असा येतो आणि लोक उघड्या फाइलींची मर्यादा वाढवत बसतात. त्याच युजरचा टेल कमांडसुद्धा आयनोटिफायची साधनं संपल्याची तक्रार करायला लागला तर हेच समजा.

वाढवायला हरकत नाही. एका वॉचमागे कर्नलची साधारण एक केबी मेमरी अडकते, तेवढं परवडतं. पण वाढवण्याआधी वॉच कोण खातंय ते त्याच एफडीइन्फोच्या ओळी मोजून बघा. एका आवक फोल्डरला एक वॉच पुरतो. हजारो लागत असतील तर कोणीतरी आख्खं झाड नजरेखाली घेतलंय. आयनोटिफाय स्वतः खोलात जात नाही, पण ०.५.१२ सारख्या आवृत्त्या आतल्या फोल्डरांवरही वॉच लावू शकतात. तक्त्यात रिकर्सिव्ह बरोबर फॉल्स असं लिहून ते बंद करता येतं.

तिसरी मर्यादा रांगेची, १६,३८४ घटनांची. एकदम मोठा साठा पडला आणि इन्क्रॉनला वाचायला उसंत मिळाली नाही तर पुढच्या घटना हरवतात. आणि नेटवर्कवरच्या फोल्डरचं सांगायचं तर, एनएफएस किंवा सांबाच्या माउंटवर दुसऱ्या मशीनने फाइल टाकली तर तुमच्या कर्नलला ती घटना कळतच नाही. कितीही सेटिंग बदला. वॉच त्या मशीनवर लावा जिथे डिस्क प्रत्यक्ष आहे, नाहीतर क्रॉनने ठरावीक वेळाने बघा.

अर्धी फाइल

काम सुरू होतं, पण अर्धीच फाइल उचलली जाते, ही तक्रार मला जास्त गंभीर वाटते. न चाललेलं काम उशिरा का होईना लक्षात येतं. अर्धी फाइल पूर्ण समजून पुढे गेली तर चुकीचा डेटा शांतपणे आत जातो.

इन_क्लोज_राइट म्हणजे "फाइल पूर्ण झाली" असा समज आहे. तो अर्धाच खरा. त्याचा अर्थ लिहिणाऱ्याने फाइल बंद केली, एवढाच. एसएफटीपीने फाइल चढत असताना मधे लाइन तुटली तर सर्व्हरवरची एसएफटीपीची प्रोसेस संपते, संपताना कर्नल तिच्या उघड्या फाइली बंद करतो, आणि ही घटना अगदी तशीच घडते. इन्क्रॉनच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक नाही.

खात्रीचा उपाय पाठवणाऱ्याच्या हातात आहे: आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण चढवा, मग नाव बदला. एकाच फाइल सिस्टिमवर नाव बदलणं अखंड असतं, अर्धं होत नाही. आरसिंक हे आपणहून करतं, फक्त त्याला इनप्लेस पर्याय देऊ नका. एसएफटीपीच्या बॅच फाइलीत शेवटी रिनेमची एक ओळ वाढवली की झालं. मग नियमात फक्त इन_मूव्हड_टू ठेवता येतं. पाठवणाऱ्याला हे करायला लावणं अवघड वाटतं, पण एका मेलमध्ये सुटणारा प्रश्न आपण आपल्या बाजूने वर्षभर झेलत बसतो. ते शक्यच नसेल तर फाइलीसोबत चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मागा, किंवा मजकुरात शेवटची ओळ काय असते ते ठरवून घ्या आणि ती नसेल तर फाइल पुढे नेऊ नका.

स्क्रिप्ट कशी असावी

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेलं सगळं नीट केलं तरी घटना हरवू शकते: सर्व्हिस बंद असताना आलेली फाइल, रांग भरल्यावर आलेली फाइल, रीबूटच्या मधली फाइल. इन्क्रॉन सुरू झाल्यावर आधीपासून पडलेल्या फाइली बघत नाही. घटना म्हणजे दारावरची टकटक. आत कोण आलंय ते फोल्डर बघूनच ठरवायचं. एकदा हे मान्य केलं की मांडणी आपोआप ठरते.

आवक, चालू, झाले आणि अडलेले अशी चार फोल्डर एकाच फाइल सिस्टिमवर करा. उचल स्क्रिप्ट मिळालेली फाइल सगळ्यात आधी आवकमधून चालूमध्ये हलवते. हलवता आली तर ती आपली. नाही आली तर दुसऱ्या कोणीतरी आधीच नेली, शांतपणे बाहेर पडा, चूक म्हणून नोंदवू नका. काम नीट झालं तर झालेमध्ये, नाहीतर अडलेलेमध्ये, आणि लॉगमध्ये एक ओळ. ठिपक्याने सुरू होणारी आणि फाइलपार्टसारखं शेपूट असलेली नावं पहिल्याच ओळीत सोडून द्या.

सोबत क्रॉनमध्ये दर पाच मिनिटांनी चालणारी झाडझूड ठेवा. फाइंड कमांडला एमएमइन पर्यायापुढे अधिक १० असं देऊन, आवकमध्ये दहा मिनिटांहून जास्त वेळ न बदललेल्या फाइली काढायच्या आणि प्रत्येकीसाठी तीच उचल स्क्रिप्ट चालवायची. दहा मिनिटांची अट आहे ती चढत असलेली फाइल हातात येऊ नये म्हणून. इथे घाई करू नका: लिहिली जात असलेली फाइल हलवली तरी लिहिणारा नव्या जागी तीच फाइल लिहीत राहतो, आणि तुम्ही ती वाचायला लागलेले असता.

एकदम पाचशे फाइली पडल्या तर इन्क्रॉन पाचशे प्रोसेस सुरू करेल, ते आपणहून आवरत नाही. काम जड असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला एफलॉक कमांडने कुलूप घ्या, म्हणजे एका वेळी एकच प्रोसेस पुढे जाते. एन पर्याय दिला तर कुलूप न मिळालेली प्रोसेस थांबत नाही, लगेच परत जाते. तिची फाइल आवकमध्येच राहते आणि झाडझूड ती नंतर उचलते. झाडझुडीने एकेक करून बोलावलेली स्क्रिप्ट मात्र कुलुपासाठी थांबायला हवी, नाहीतर ढीग कधी उपसला जाणार नाही. थांबण्याची मुदत डब्ल्यू पर्यायाने देता येते.

नव्याने बसवत असाल तर

सिस्टिमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था) असलेल्या सर्व्हरवर नवं काही उभं करताना मी आता तिचं पाथ युनिट निवडतो, जे फोल्डरवर नजर ठेवून सर्व्हिस सुरू करतं. खालून तेही आयनोटिफायच वापरतं, पण त्यात डिरेक्टरी नॉट एम्प्टी नावाचा निर्देश आहे. तो फोल्डरची स्थिती बघतो. युनिट सुरू होताना फोल्डरमध्ये आधीच फाइली असतील तरी काम सुरू होतं, आणि जोडलेली सर्व्हिस संपली की फोल्डर पुन्हा तपासलं जातं. वरच्या फोल्डरांवरही त्याचं लक्ष असल्यामुळे फोल्डर उडवून पुन्हा बनवलं तरी ते हरवत नाही. सर्व्हिस एका वेळी एकच चालते, त्यामुळे पाचशे प्रोसेसचा प्रश्नही उरत नाही.

त्याच्या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फाइलीचं नाव सर्व्हिसपर्यंत पोचेल यावर मांडणी उभी करू नका, स्क्रिप्टने फोल्डर स्वतः बघायचं. त्यामुळे पाठवणाऱ्याने नाव बदलण्याची पद्धत इथे जास्तच गरजेची. आणि स्क्रिप्टने फाइल आवकमधून काढलीच पाहिजे. एखादी फाइल तिथेच सोडली तर सर्व्हिस लगेच पुन्हा सुरू होते, पुन्हा संपते, आणि मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंदांत ५ वेळा झालं की सिस्टिमडी ती थांबवतं. मग पाथ युनिटही फेल दाखवतं आणि नव्या फाइलींनाही दाद देत नाही. रिसेट फेल्ड करून पाथ युनिट पुन्हा सुरू करावं लागतं, पण आधी अडलेली फाइल हलवा.

चालू असलेलं इन्क्रॉन मात्र केवळ यासाठी उपटायची गरज नाही. चार फोल्डर आणि झाडझूड असेल तर ते नीट काम करतं.

बसवून झाल्यावर सर्व्हर एकदा खरोखर रीबूट करा आणि त्यानंतर एफडीइन्फोमधला आयनोड जुळतोय का बघा. सर्व्हिस मुद्दाम बंद ठेवून एक फाइल टाका, झाडझूड ती उचलते का बघा. चढत असलेली मोठी फाइल मधेच तोडा आणि ती झालेमध्ये पोचत नाही याची खात्री करा. नजर ठेवायला सर्व्हिस चालू आहे की नाही हे विचारणारी सूचना पुरत नाही, कारण वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक बिघाडात सर्व्हिस चालूच असते. सूचना लावायची ती आवकमधल्या सगळ्यात जुन्या फाइलीच्या वयावर. झाडझुडीची अट दहा मिनिटांची असेल तर तीस मिनिटांहून जुनी फाइल दिसली की मेल जावा, आणि अडलेलेमध्ये एकही फाइल आली तरी जावा.